काळजाला डिंक लावतात का?

प्रश्न असा आहे: आईच्या यकृताचा गाठ असलेला भाग काढायचा आहे. संमतिपत्राच्या मराठी प्रतीत ‘रक्तस्राव नियंत्रणासाठी शल्यचिकित्सकीय गोंदाचा वापर करण्यात येऊ शकतो’ असं वाक्य आहे. आई विचारते, ‘काळजाला डिंक लावणार का रे?’ ‘सर्जिकल ग्लू’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

आईंचं ‘काळीज’ आधी घेतो, कारण त्यांचा शब्द चुकलेला नाही. आज काळीज म्हटलं की आपण छातीवर हात ठेवतो, पण मूळ अर्थ यकृतच. संस्कृतात यकृताला ‘कालेय’ही म्हणत; कलेजा, कलेजी आणि काळीज ही सगळी त्याच घरची. अमरकोशात ‘कालखण्ड’ आणि ‘यकृत्’ हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिलेत. खाटकाकडे कलेजी मागणाऱ्याला अजूनही यकृतच मिळतं, हृदय नाही. तेव्हा काळजाचं ऑपरेशन हा शब्दप्रयोग आईंनी खुशाल करावा. नातेवाईक हृदयविकाराच्या चौकशा करायला लागतील एवढाच धोका.

आता गोंद. कलेजीचाच आधार घेऊन सांगतो. ओल्या कलेजीत सुईदोरा घालून गाठ आवळून पाहा: दोरा मांस कापत जातो, टाका धरत नाही. जिवंत यकृताचंही तेच, वर त्यातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त फिरत असतं. मोठ्या वाहिन्या डॉक्टर बांधतात, क्लिप लावतात, आत येणारं रक्त काही वेळ चिमट्याने अडवून धरतात (ही युक्ती ग्लासगोचे शल्यचिकित्सक प्रिंगल यांनी 1908 मध्ये मांडली). पण एवढं करूनही कापलेल्या पृष्ठभागातून रक्त झिरपत राहतं, पावसाळ्यात जुन्या भिंतीला ओल यावी तसं. एकच छिद्र नसतं की टाका घालून मोकळं व्हावं. ग्लू येतो तो इथे, झिरप थांबवायला. दोन तुकडे जोडायला नाही.

‘गोंद’ शब्दाची पहिली अडचण हीच. मराठी माणसाला गोंद, डिंक, खळ म्हटलं की कागद, पतंग, पाकीट आठवतं; दोन वस्तू एकमेकींना चिकटवायच्या. आईंना वाटलं असणार की काळीज कापून पुन्हा चिकटवणार. इथे मात्र कापलेला भाग बाहेर जातो आणि उरलेल्या भागाच्या उघड्या तोंडावर काहीतरी पसरतात.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. डिंक झाडाचा. बाभळीचा, धावड्याचा. तो लाडवात घालून आपण बाळंतिणीला खाऊ घालतो. ‘गोंद’ वाचल्यावर संमतिपत्रावर सही करणारा गृहीत धरतो की ही वनस्पतीची वस्तू आहे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वापरात असलेला फायब्रिन ग्लू माणसाच्या रक्तद्रवापासून काढतात. त्यातल्या काहींमध्ये गाईगुरांपासून मिळवलेलं एक प्रथिनही असतं. पट्टीच्या रूपात मिळणाऱ्या एका प्रकारात घोड्याच्या शरीरातलं कोलॅजेन हे प्रथिन असतं, आणि जिलेटिनचे जे प्रकार आहेत ते गाईचे किंवा डुकराचे. कुणाला याची ॲलर्जी असते, कुणाला धर्मामुळे अडचण वाटते. संमती मागायची आणि शब्दच असा वापरायचा की विचारायची गोष्ट झाकली जावी, हे भाषांतर म्हणून फसलेलं आहे, मग ते व्याकरणात कितीही शुद्ध असो.

मग शब्द कुठला? जिलेटिनवाल्यांसाठी मराठीत शंभर नंबरी शब्द आहे: सरस. विशेषण नव्हे, सुतारांचा सरस. फारसीतून आलेला. कातडी आणि हाडं उकळून काढतात तो. आमच्या गल्लीतल्या सुताराकडे पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून सरस वितळवायचे. तो वास ज्याने घेतलाय त्याला हा पदार्थ प्राण्याचा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि जिलेटिन म्हणजे रसायनाच्या अंगाने पाहिलं तर चांगला शुद्ध केलेला सरसच. हे मी ओढूनताणून जोडत नाही. अमेरिकेत 1966 मध्ये शल्यचिकित्सक निना ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिन, रिसॉर्सिनॉल आणि फॉर्मालिन यांचा ग्लू करून यकृत आणि मूत्रपिंडाचं रक्त थांबवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे तो महाधमनीच्या शस्त्रक्रियांमध्ये वापरला गेला, फॉर्मालिनच्या विषारीपणामुळे मागेही पडला. पण काळजाला सरस लावायचा प्रयोग खरोखर झालाय. ‘कोलॅजेन’मधला ‘कोला’ हाही ग्रीकमध्ये सरसच! फक्त संमतिपत्रात ‘सरस’ लिहिलं तर आजचा वाचक ‘उत्तम’ असं वाचेल, ही पंचाईत.

फायब्रिन ग्लूचं काम पाहिलं की वेगळाच शब्द सुचतो. जखम झाली की रक्तातलं फायब्रिनोजेन थ्रॉम्बिनमुळे फायब्रिन होतं आणि त्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. ग्लूमध्ये नेमके हेच दोन पदार्थ दोन वेगळ्या सिरिंजमध्ये भरलेले असतात. दोन्ही सिरिंजचे दट्टे एकदम दाबले की टोकाशी ते मिसळतात आणि जाळं जागच्या जागी तयार होतं. शरीराची शेवटची पायरी बाहेरून आणून ठेवायची, एवढंच. काही दिवसांनी शरीर ते विरघळवून टाकतं. म्हणजे हे चिकटवणं नाही, हे साकळणं आहे.

साकळणं हा शब्द आपण उगाच मागे टाकलाय. नखाखाली रक्त साकळतं, मार लागलेल्या जागी साकळतं. पाठ्यपुस्तकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या जागी ‘गोठणं’ आणलं. पण तूप गोठतं, पाणी गोठतं, ते थंडीने. रक्ताचं उलट आहे: रुग्णाचं अंग गार पडलं तर रक्त साकळायची क्रिया मंदावते, म्हणून ऑपरेशनच्या वेळी त्याला ऊब देतात. फायब्रिन ग्लूचा एक प्रकार तर गोठवूनच ठेवलेला असतो आणि वापरण्याआधी वितळवून 37 अंशांपर्यंत कोमट करतात. ‘रक्त गोठवण्यासाठी गोठवलेला ग्लू वितळवला’ असं वाक्य लिहायची वेळ यावी, यापेक्षा साकळणं बरं.

संस्कृताकडे जायचंच असेल तर सुश्रुताने रक्त थांबवायचे चार उपाय सांगितलेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. दहन आजच्या ऑपरेशन थिएटरमध्ये विजेच्या कॉटरीच्या, म्हणजे भाजून रक्त थांबवणाऱ्या उपकरणाच्या, रूपात आहेच. तुरट द्रव्यांनी जखम सांधते ते संधान, थंडाव्याने रक्त दाटतं ते स्कंदन. बघा, गोठणंवाल्यांना इथे आधार सापडला! त्याच अध्यायात जखमेवर भुरभुरायच्या चूर्णांची यादी आहे आणि तिच्यात सर्जरस, म्हणजे राळ, आहे. ‘ऊतिसंधानक’ (ऊती सांधणारा) असा शब्द कुणी सुचवला तर ज्या ग्लूने खरंच त्वचेच्या कडा जोडतात त्याला तो शोभेल. तो सायनोॲक्रिलेटच्या कुळातला, आपल्या फेविक्विकचा भाऊबंद. (भाऊबंद आहे म्हणून घरचं फेविक्विक जखमेवर लावायचं नाही.) गंमत म्हणजे फायब्रिनची सुरुवातही काही अंशी संधानातूनच झाली: 1940 मध्ये यंग आणि मेडावार यांनी तुटलेल्या मज्जातंतूंची टोकं रक्तद्रवाने जोडून दाखवली होती. पण यकृतावर त्याचं काम संधानाचं नाही.

आणि कामाचा दावाही मोजूनमापून करावा. स्पेनमध्ये 300 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यकृताचा भाग काढल्यावर सरसकट फायब्रिन ग्लू लावल्याने रक्तस्राव किंवा पित्ताची गळती कमी झालेली दिसली नाही. म्हणून ‘रक्तरोधक’सारखा छातीठोक शब्द मी टाळेन. ‘नियंत्रणासाठी’ हेही जरा मोठंच होतं. ‘मदत म्हणून’ पुरे.

बोलताना तुम्ही ‘ग्लू’च म्हणा. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर, डॉक्टर सगळे तेच म्हणतात आणि तो मराठीत रुळलाय. लिहिताना माझं मत ‘लेप’ला. लेप पृष्ठभागावर बसतो, झाकतो, दोन वस्तू जोडायचा आव आणत नाही, आणि तो झाडाचा की प्राण्याचा याबद्दल काही सुचवत नाही, त्यामुळे ते वेगळं सांगावंच लागतं. संमतिपत्रातलं वाक्य मी असं करेन: ‘यकृताच्या कापलेल्या भागातून रक्त झिरपत राहिल्यास ते थांबायला मदत म्हणून त्यावर रक्त साकळवणारा लेप (ग्लू) लावला जाऊ शकतो. हा लेप मानवी रक्तापासून किंवा प्राण्यांपासून मिळवलेल्या घटकांचा असू शकतो.’

आईंना मात्र एवढंच सांगा: डिंक नाही, तयार खपली आणून बसवणार आहेत.