फ्रेस्को, भित्तिचित्र आणि ग्राफिटी

प्रश्न असा आला आहे: इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या टेरेन्टियस निओ आणि त्याच्या पत्नीच्या प्रसिद्ध चित्राला कुणी फ्रेस्को म्हणतात, कुणी भित्तिचित्र, तर कुणी ग्राफिटी. बरोबर काय? आणि अजिंठ्याची चित्रेही फ्रेस्कोच ना?

पहिले दोन्ही शब्द चालतील, तिसरा मुळीच नाही. भिंतीवर कोणत्याही रीतीने काढलेले चित्र ते भित्तिचित्र. फ्रेस्को हे मात्र एका विशिष्ट रीतीचे नाव. इटालियनमध्ये 'फ्रेस्को' म्हणजे ताजा, आणि इथे ताजा असतो तो चुन्याचा गिलावा. तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. डिंक, सरस काही लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना दगडासारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे धरले जातात. अर्थात गिलावा वाळायच्या आत काम उरकायला हवे. पॉम्पेईत ही लगबग जशीच्या तशी गोठली आहे. इ.स. ७९ मध्ये जवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा एका घरात रंगकाम चालू होते. काही भाग रंगवून झालेला, मधल्या चित्राची नुसती रेखाटणी, आणि रंगांची भांडी तिथेच पडलेली.

अजिंठ्यात मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणून तिथे भित्तिचित्र हाच शब्द नेमका. फ्रेस्को म्हटल्याने अजिंठ्याचा मान वाढत नाही, उलट तिथल्या कारागिरांची वेगळी रीत झाकली जाते.

ग्राफिटीचा मूळ अर्थ ओरखडा. पॉम्पेईकरांनी टोकदार वस्तूने भिंतींवर नावे, शिव्या, हिशेब, प्रेमाच्या ओळी कोरल्या, त्या ग्राफिटी. निवडणुकीच्या घोषणा मात्र कुंचल्याने रंगवलेल्या असत. 'अमक्याला निवडून द्या' असे परीट, पाववाले आपापल्या धंद्याच्या नावाने सांगत. अभ्यासक त्यांना 'दिपिंती' म्हणतात, मराठीत 'रंगवलेले लेख' पुरेसे आहे.

हा फरक काटेकोर पाळायला हवा. टेरेन्टियसच्या हातात लिखाणाची गुंडाळी आहे, पत्नीच्या हातात मेण लावलेली लिहायची पाटी आणि हनुवटीशी धरलेली लेखणी. घराला लागून पावाची भट्टी. तरी हे चित्र बराच काळ पाक्वियस प्रोक्युलस नावाच्या माणसाचे समजले गेले, कारण घराबाहेरच्या भिंतीवर त्याच्या निवडणूक प्रचाराचा रंगवलेला लेख होता, आणि त्यातले नाव घरमालकाचे मानले गेले!