शंभराच्या खाली आलो की…

“ऑपरेशन करून घेऊ का? आणि केलं तर मी खरंच बारीक होईन ना?” हे दोन प्रश्न माझ्याकडे नेहमी जोडीनेच येतात. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी सर्जन अनेकदा समुपदेशकाची भेट घ्यायला सांगतात. येणाऱ्याला वाटतं, ही परीक्षा आहे. पास झालो तर ऑपरेशन, नापास झालो तर घरी. त्यामुळे बरेच जण उत्तरं पाठ करून येतात: “हो मॅडम, मला सगळं माहीत आहे, डाएट पाळणार, व्यायाम करणार.” खरी काळजी त्याच्या खूप आत असते. माधव यांच्याबरोबर ती जशी उलगडत गेली, तशी इथे सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माधव त्रेचाळीस वर्षांचे. उंची १७२ सेंटिमीटर, वजन १४२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४८. शुगरसाठी गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही चालू. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन. सर्जननी स्लीव्ह ही जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. माझ्या खोलीत हात असलेल्या खुर्च्या आहेत आणि भिंतीला लावून ठेवलेली एक बिनहातांची. त्यांनी आल्या आल्या न विचारता तीच ओढली, बसण्याआधी तळव्याने दाबून पाहिली, मग बसले. हे इतकं सवयीचं होतं, की आपण काही केलं हेही त्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्यांचा पहिला प्रश्न होता, “हे ऑपरेशन म्हणजे पळवाटच ना?”

“असं कोण म्हणतं?”

“बायको म्हणते, मनावर घेतलंत तर होईल. वडिलांना अजून सांगितलेलंच नाही. आणि खरं सांगू का, मलाही तेच वाटतं.”

मग त्यांनी वीस वर्षांतले प्रयत्न सांगितले. प्रत्येक वेळी दहा-पंधरा किलो उतरलेले, प्रत्येक वेळी व्याजासकट परत आलेले. ऐकताना मला दिसत होतं, की या माणसाकडे मनोनिग्रह कमी नाही, उलट तो अनेकांपेक्षा जास्त वापरून झाला आहे. वजन उतरू लागलं की शरीर गप्प बसत नाही. भूक वाढवतं, ऊर्जा जपून खर्च करतं, आणि हे महिनोन्‌महिने चालू ठेवतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि उरतो तो नळीसारखा निमुळता भाग. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून जेवण कमी मावतं आणि बहुतेकांची भूकही काही काळ मंदावते. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराचा लहानसा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत शरीराच्या या विरोधावर उपाय होतो. याला पळवाट म्हणायचं, तर शुगरच्या गोळीलाही म्हणावं लागेल.

हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. पण माझ्या अनुभवात एवढ्यावर निर्णय होत नाही, आणि झाला तर कच्चा होतो. म्हणून पुढच्या भेटीत मी कोरा कागद पुढे केला आणि त्यांना वजनाचे चार आकडे लिहायला सांगितले. स्वप्नातलं वजन. ज्याने आनंद होईल ते. फार खूश नाही, पण चालेल असं. आणि ज्यावर थांबलो तर निराशा होईल असं.

ही कल्पना माझी नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गॅरी फॉस्टर, थॉमस वॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साठ स्त्रियांना असेच चार आकडे विचारले होते. उपचार शस्त्रक्रियेचे नव्हते, आहार-व्यायामाचे होते. ४८ आठवड्यांनी त्यांचं वजन सरासरी १६ किलोने कमी झालं, जे कुठल्याही डॉक्टरच्या दृष्टीने उत्तमच म्हणायचं. तरीही जवळजवळ निम्म्या जणींना त्यांच्या ‘निराशेच्या’ आकड्यापर्यंतसुद्धा पोचता आलं नव्हतं. या अभ्यासाने माझ्या कामाला वळण दिलं. अपेक्षा वास्तव ठेवा असं नुसतं सांगून काही होत नाही. माणसाला स्वतःच्या अक्षरात स्वतःची अपेक्षा दिसावी लागते.

माधवनी लिहिलं: ७२, ७८, ८५, ९५.

“सर्जननी काय आकडा सांगितला होता?”

“दीड वर्षात शंभर ते एकशे पाच.”

सर्जनचा अंदाज अगदी योग्य होता. स्लीव्ह किंवा बायपासनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत साधारणपणे एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के वजन उतरतं. कोणाचं जास्त, कोणाचं कमी. त्यानंतर थोडं परत येणं हा नियमच आहे. १९८७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या आणि चार हजारांवर माणसांच्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन आधी सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत उतरलं आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावलं. म्हणजे माधव यांची शस्त्रक्रिया उत्तम झाली, सगळं मनासारखं पार पडलं, तरी ते १०२ च्या आसपास येणार आणि बीएमआय ३४ च्या पुढेच राहणार. आणि त्यांच्या कागदावर निराशा ९५ ला सुरू होत होती.

मी १०२ हा आकडा त्यांच्या चार आकड्यांच्या खाली लिहिला. ते कागदाकडे पाहत राहिले.

“वजन कमी झालं की सगळ्यात आधी काय करणार आहात?” मी विचारलं.

त्यांनी लगेच उत्तर दिलं. “मुलीच्या शाळेत जाणार, पालकसभेला.” दोन वर्षांपूर्वी ते वर्गात शिरले तेव्हा एका मुलाने गाल फुगवून, हात फाकवून त्यांची नक्कल केली होती. मुलीने ती पाहिली. ती काही बोलली नाही, हेही नाहीत. तेव्हापासून शाळेत तिची आई जाते. “मी ठरवलंय, शंभराच्या खाली आलो की जाईन.”

“आणि एकशे दोनला?”

पुढची शांतता मी मोडली नाही. समुपदेशनात बोलण्यापेक्षा न बोलणं मला उशिरा जमलं, पण आता त्यावर माझा भरवसा आहे. माधवनी कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं तरी मी जाणार नाही,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “अठ्ठ्याण्णव झालो असतो, तरी म्हटलं असतं, नव्वद होऊ दे.”

इथे मला जे दिसलं, ते पुढे कितीतरी जणांच्या बाबतीत खरं ठरलं. ऑपरेशन करू का, या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला असतो: माणूस म्हणून चारचौघांत उभं राहायला मी कधी लायक होईन? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सर्जनकडे नाही. जोवर हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, तोवर ऑपरेशन हा ‘शेवटचा उपाय’ वाटतो आणि त्याची प्रचंड भीतीही वाटते. कारण शेवटचा उपायही फसला, तर मीच फसलो असा अर्थ होतो. माधव यांची धास्ती भूल किंवा टाक्यांची नव्हती, या निकालाची होती.

माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इच्छा माणसाला पुढे नेते, पण इच्छेचा हट्ट झाला की ती त्याला आजारी पाडते. वजन कमी व्हावं ही निरोगी इच्छा आहे. ते कमी झालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा, हा हट्ट. हट्ट धरून ऑपरेशनला गेलेला माणूस ४० किलो उतरवूनही रडतो. मी तसे पाहिले आहेत.

“१४२ किलोचे असताना, आत्ताच शाळेत गेलात, तर नेमकं काय होईल?”

“कोणीतरी हसेल.”

“पुढे?”

“तिला माझी लाज वाटेल.”

“असं ती म्हणाली?”

“विचारलं नाही कधी.”

पुढच्या भेटीपर्यंत एवढंच करायचं ठरलं: मुलीला विचारायचं. ते विचारून आले, तेव्हा त्यांचा आवाज नीट लागत नव्हता. ती म्हणाली होती, “बाबा, तू येत नाहीस ना, म्हणून मी सगळ्यांना सांगते की तू कामासाठी बाहेर असतोस.” अकरा वर्षांची मुलगी बापाची गैरहजेरी सांभाळून घेत होती. माधव पुढच्याच सभेला गेले. कुजबुज झाली, एकाने कोपराने शेजाऱ्याला ढोसलं. बाकावर मावणं शक्य नव्हतं. एरवी ते भिंतीला टेकून उभे राहिले असते. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत शिपायाला सांगितलं, “ऑफिसमधून बिनहातांची एक खुर्ची आणून देता का? मी या बाकात बसू शकणार नाही.” खुर्ची आली, ते बसले, सभा झाली. मला हे सांगताना ते नुसते हसत होते. काट्यावर तेव्हाही १४२ च होते.

निर्णय त्यानंतर सोपा झाला. शाळा, मान, बापपण हे सगळं ऑपरेशनच्या खात्यातून वजा झाल्यावर जे उरलं ते स्वच्छ होतं: शुगर, झोपेतला श्वास, गुडघे. या तिन्हींसाठी शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. तोही कायमच्या हमीशिवाय, हे मी मुद्दाम सांगते. त्याच स्वीडिश अभ्यासात आधी मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्के लोक दोन वर्षांनी त्यातून बाहेर होते, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के राहिलं. शुगर परतली, तरी मधली वर्षं वाया जात नाहीत. माधवनी हे ऐकलं आणि म्हणाले, “चालेल. करतो.” तो हो वेगळ्या माणसाचा होता.

कोणी पात्र ठरतं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पूर्वी १९९१ च्या निकषांप्रमाणे बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५, अशी रेषा होती. २०२२ मध्ये ती ३५ वर, आणि मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर ३० वर आली. आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही विचार करता येतो. पण पात्र असणं वेगळं आणि तयार असणं वेगळं, आणि तयारीचं काम माझ्या खोलीतलं. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम आणि बी-१२ आयुष्यभर घ्यावी लागतील, दरवर्षी रक्त तपासावं लागेल, हे तुम्हाला मान्य आहे का? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात, पण तेव्हा घाबरायला होतं. कातडी सैल पडते, ती व्यायामाने पूर्ण आवळत नाही. जठर लहान झालं तरी गोड पातळ पदार्थ आरामात उतरतात आणि वजन परत आणतात. मद्य, विशेषतः बायपासनंतर, पटकन आणि जास्त चढतं. काहींच्या बाबतीत खाण्याची ओढ दुसऱ्या वर्षात पिण्याकडे वळते, म्हणून हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कितीही संकोच वाटला तरी. मूल हवं असेल तर साधारण एक ते दीड वर्ष थांबायला सांगतात. आणि ऑपरेशननंतर मन खचू लागलं तर ते लपवू नका. आत्महत्येचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. वजन उतरतंय म्हणजे माणूस सुखात आहे, असं घरच्यांनीही गृहीत धरू नये.

नातीही हलतात. स्वीडनमधल्याच २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं, की या शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांची नाती जुळण्याचं प्रमाण वाढलं, आणि जोडीदार असलेल्यांत विभक्त होण्याचंही. म्हणून जोडीदाराला एकदा तरी बोलावतेच. माधव यांच्या पत्नी आल्या. ‘मनावर घ्या’ हे त्या रागाने म्हणत नव्हत्या. ऑपरेशनमध्ये काही झालं तर, या भीतीने म्हणत होत्या. हे नवऱ्याने पहिल्यांदा माझ्यासमोर ऐकलं.

पाचव्या महिन्यात माधव यांचा फोन आला. काटा तीन आठवडे जागचा हलला नव्हता. “आधी असतं तर मी डबे उघडून बसलो असतो,” ते म्हणाले, “आता फक्त विचारायला फोन केला, हे नेहमीचं आहे ना?” नेहमीचंच होतं. दीड वर्षाने ते १०३ वर होते. नंतर ते १०८ झाले आणि तिथे थांबले. इन्सुलिन बंद झालं, एक गोळी चालू आहे. झोपेची तपासणी पुन्हा झाल्यावर डॉक्टरांनी सीपॅप थांबवायला सांगितलं.

सगळ्यांचा कागद ‘करा’ असंच सांगत नाही. एका बाईंनी चार आकडे लिहिले, मग रात्री सगळे झोपल्यावर त्या काय आणि कशा खातात, हे पहिल्यांदा कोणालातरी सांगितलं. त्यांनी आधी त्या झपाटल्यागत खाण्यावर उपचार घ्यायचं ठरवलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जननीही दुजोरा दिला. ‘शेवटचा उपाय’ हातातून गेला असं त्यांना वाटलं नाही. कारण तो शेवटचा नव्हताच. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं आता आहेत, ती काही जणांना ऑपरेशनऐवजी आणि काहींना ऑपरेशननंतरही देतात. पुढच्या वर्षी पुन्हा सर्जनकडे जाण्याचा त्यांचा विचार आहे. तोवर त्या पोहायला जाऊ लागल्या आहेत. ते त्यांनी वजन उतरल्यावर करायच्या गोष्टींत लिहिलं होतं.