तांब्याचा पहिला पत्रा कापण्याआधी ओळी आखा

तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत. १:६४ मापाच्या ट्रिंकोमाली या फ्रिगेटच्या (शिडाच्या युद्धनौकेच्या) लाकडी मॉडेलचा हल, म्हणजे जहाजाचं धड, फळ्या मारून तयार आहे, तांब्याची ६ मिमी रुंद, पाठीला गोंद असलेली पट्टी आणली आहे. पण कात्रीने कापलेल्या तुकड्यांच्या कडा वळतात, सुकाणाकडे ओळी एकमेकींवर चढतात, आणि खिळ्यांचे उठाव द्यावेत की नाही हे ठरत नाही. यातली कापण्याची अडचण एका संध्याकाळी सुटेल. ओळींची अडचण मात्र मोठी आहे आणि ती पहिला तुकडा चिकटवण्यापूर्वीच सोडवावी लागते. म्हणून सध्या लावलेल्या दोन-तीन ओळी सरळ काढून टाका. गोंदाचे डाग थिनरने पुसा आणि नव्याने सुरुवात करा.

आधी जहाजाबद्दल थोडं. ट्रिंकोमाली आपल्या मुंबईची, वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला आहे. साल यासाठी सांगतोय की पत्र्याचा रंग सालावर ठरतो. ब्रिटिश नौदलाने अलार्म या फ्रिगेटवर तांब्याचा प्रयोग केला १७६१ मध्ये. लाकूड पोखरणारा सागरी किडा थांबला, पण तांब्याच्या सान्निध्यात हलमधले लोखंडी बोल्ट खाऱ्या पाण्यात झपाट्याने खाल्ले गेले. तरी १७७९ पासून अख्ख्या ताफ्याला पत्रे चढवायला घेतले आणि लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट त्यानंतर रुळले. १८३२ मध्ये मुंट्झ या इंग्लिश उद्योजकाचा पिवळसर, जस्त मिसळलेला पत्रा आला. म्हणजे तुमच्या जहाजाला लाल तांबंच शोभतं. उलट कुणी आंग्र्यांची गुराब, म्हणजे मराठा आरमाराचं लढाऊ जहाज, करत असेल तर तिला पत्रा लावूच नये. कान्होजी गेले १७२९ मध्ये, अलार्मच्या कितीतरी आधी.

(जाता जाता: १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावा ही ब्रिटिश फ्रिगेट पकडली, तेव्हा ट्रिंकोमालीचे आराखडे तिच्यावर होते, आणि मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी निघालेलं तांबंही. मुंबईच्या गोदीला हा पत्रा विलायतेहून यायची वाट पाहावी लागायची.)

आता मापं. त्या काळचा पत्रा ४ फूट लांब, १४ इंच रुंद. १:६४ ला तो साधारण १९ मिमी बाय ५.५ मिमी होतो. तुमची पट्टी जेमतेम अर्धा मिमी जास्त रुंद आहे. तेवढी कापत बसू नका, ओळ ओळीवर चढते तिथे तो फरक खपतो. जाडीचं गणित याहून महत्त्वाचं आहे. चौरस फुटाला ३२ औंसाचा, म्हणजे सर्वांत जाड पत्रा १.१ मिमीच्या आसपास भरतो. त्याला ६४ ने भागलं की ०.०१७ मिमी. चिकट पट्टी साधारण ०.०२५ मिमीची असते, म्हणजे मापाच्या अगदी जवळ. काही जण सुटा ०.१ मिमी पत्रा वापरायला सांगतील. तो खऱ्या जहाजावर सहा मिमीहून जाड झाला असता. माझं मत स्पष्ट आहे: या मापाला पट्टीच.

एवढ्या पातळ पट्टीखाली काहीच झाकलं जात नाही. फळ्यांमधली फट, पॉलिश पेपरचा ओरखडा, लांबीचा (पुटीचा) उंचवटा, सगळं वर दिसतं. हल ३२० आणि मग ४०० नंबरने घासा, सँडिंग सीलरचे दोन हात द्या आणि पुन्हा ४०० फिरवा. कोरड्या, उघड्या लाकडावर गोंद टिकत नाही. एप्रिल-मे उजाडला की कोपरे उचलायला लागतात.

आता ओळी. सगळा घोळ इथे होतो. हलच्या मध्यभागी कीलपासून (तळाच्या कण्यापासून) पाणरेषेपर्यंत टेप अंगाबरोबर लावून मोजा, मग नाळेजवळ (पुढच्या टोकाला) आणि सुकाणाजवळ मोजा. समजा मध्यभागी १३० मिमी आलं आणि नाळेपाशी ७५. ओळ ओळीवर चढून प्रत्येकीचा ५.२ मिमी भाग उघडा राहतो असं धरलं तर मध्यभागी २५ ओळी बसतात, टोकाला १४. ११ ओळी कुठेतरी संपवाव्याच लागणार. आधी ठरवलं नाही तर त्या आपसूक पाणरेषेला जाऊन धडकतात आणि हलला वर वळलेल्या ओळींचा विचित्र आकार येतो. तुमच्याकडे सुकाणापाशी जे झालंय ते हेच. हात खराब नाही, जागाच कमी आहे.

गोदीतले कारागीर यासाठी ओळींचे दोन पट्टे करायचे. खालचा पट्टा कीलला धरून चालतो, वरचा पाणरेषेच्या कलाने, आणि दोन्ही एका लांब वाकदार रेषेवर भेटतात. खालच्या ओळी या रेषेवर एकेक करून निमुळत्या होत संपतात, कळीदार कुर्त्याची कळी वर जाताना संपते तशा. ही रेषा शोधायला गणित लागत नाही. मास्किंग टेपची २ मिमी रुंद पट्टी काढा. मध्यभागी पाणरेषेपासून दहाएक ओळी खाली तिची सुरुवात करा आणि दोन्ही टोकांकडे तिला तिच्या कलाने जाऊ द्या. ओढायची नाही, आडवी वाकवायची नाही. नंतर हल हातभर लांब धरून समोरून, मागून, खालून बघा. कुठे गचका दिसला तर तेवढाच भाग उचलून पुन्हा टेकवा. समाधान झालं की पेन्सिलीने रेष मारा आणि दुसऱ्या बाजूला डिव्हायडरने तीच मापं उतरवा. या कामाला एक अख्खा रविवार द्या. पुढचं सगळं याच रेषेवर उभं आहे.

पाणरेषा आखायला हल टेबलावर ठोकळ्यांनी पक्का करा आणि पेन्सिल ठरावीक उंचीच्या ठोकळ्याला बांधून सभोवार फिरवा.

कापणं. कात्री पत्र्याला दोन पात्यांमध्ये पिळते, म्हणून कडा वळते. पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारी दाढीच्या ब्लेडसारखी एकधारी पाती आणि स्टीलची पट्टी घ्या. फोटोफ्रेमच्या दुकानातून जाड काचेचा तुकडा आणा. काचेवर दोन लाकडी पट्ट्या ६ मिमी अंतरावर समांतर चिकटवा, म्हणजे तांब्याची पट्टी बसायला खाच तयार होते. एका टोकाला १९ मिमीवर अडसर लावा. पट्टी मागच्या कागदासकट खाचेत सरकवा, अडसराला टेकवा आणि पातं ओढू नका. वरून उभं दाबा, किंचित डोलवा. तुकडा सपाट सुटतो. कडेवर बोट फिरवून बघा, खरखर लागली की पात्याची धार गेली असं समजा आणि नवं घ्या. पाती स्वस्त आहेत, बोथट पात्याने केलेले शंभर तुकडे महाग पडतात.

खिळ्यांबद्दल मी ठाम आहे: वर आलेले फुगवटे नकोत. खऱ्या पत्र्यावर खिळ्याचं डोकं ठोकून पत्र्याच्या सपाटीला आणलेलं असतं. अर्धा इंच डोकं १:६४ ला ०.२ मिमी होतं, हातभर अंतरावरून ते दिसतच नाही. विकत मिळणाऱ्या अनेक तयार पत्र्यांवर टपोरे ठिपके असतात, त्यांनी हल पुरळ उठल्यासारखा दिसतो. खूण हवीच असेल तर शिंप्यांचं दातेरी चाक घ्या, तुकडा जाड पुठ्ठ्यावर ठेवा आणि पुढच्या बाजूने कडेलगत अगदी हलका फिरवा, म्हणजे खळगे पडतील, उठाव नाही. आधी दहा तुकडे विना-खूण आणि दहा खुणेचे शेजारी लावून बघा. बरेच जण विना-खूण ठेवतात, मीही ठेवतो.

लावायला सुरुवात सुकाणाकडून, कीललगत. पुढचा तुकडा मागच्यावर अर्धा मिमी चढवा, म्हणजे जहाज चालताना पाणी कडेखाली शिरत नाही. हे उलटं झालं तर जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. वरची ओळ खालच्या ओळीवर. सांधे विटांसारखे अर्ध्यावर. डावी आणि उजवी बाजू ओळीओळीने बरोबरीने वाढवा. तुकडा मध्यापासून कडांकडे गुळगुळीत लाकडी काडीने दाबा. नख वापरू नका, चरा उठतो.

वाकदार रेषेवरचा तुकडा हलवर ठेवून कापू नका, खालचा थर चिरतो. मागचा कागद तसाच ठेवून तुकडा जागेवर धरा, रेषेवरून काडीच्या टोकाने घासा. पत्र्यावर ठसा उमटतो. तो काचेवर कापा आणि मग चिकटवा. सुकाणाच्या खांबाशी हल आतल्या बाजूला वळतो, तिथे अखंड तुकडा सुरकुततोच. तो लांबीत दोन भागांत कापा. गोदीतही अशा जागी पत्रा कापूनच बसवत. सुटा जाड पत्रा वापरणाऱ्याने तिथे तो लालसर होईपर्यंत तापवून मऊ करावा. वेळ मिळाला तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत उभं राहून बघा, ठोकून ताठ झालेलं तांबं पुन्हा मऊ करायला ते कसं तापवतात. चिकट पट्टीला ही सोय नाही, गोंद जळेल.

सगळ्यात वरची ओळ पाणरेषेला समांतर, एकसंध. तिच्याखाली उरलेल्या पाचरी तिच्यात झाकल्या जातात. सुकाण वेगळं पत्रे लावून मग बिजागऱ्यांवर चढवा.

हातमोजे घाला. घामाच्या बोटांचे ठसे थोड्याच दिवसांत तपकिरी होऊन उमटतात. आणि पत्रे चिकटवल्यावर पितांबरी, लिंबू किंवा चिंच अजिबात नको. आंबट पाणी सांध्यांत राहतं आणि पावसाळ्यात तिथून हिरवं फुटतं. पुसायचंच तर मऊ कापड आणि जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल. लॅकर मारायची घाई नको. एक पावसाळा जाऊ द्या, तांबं आपोआप काळपट तपकिरी होतं, आणि तो रंग नव्या चकचकीत भांड्याच्या रंगापेक्षा कितीतरी खरा वाटतो. तो पसंत पडला की मॅट लॅकरचा एकच पातळ हात.