कंपनी बुडाली, खड्डा उरला

प्रश्न: भद्रावती तालुक्यातील एक शेतकरी लिहितात की, त्यांनी 2016 साली चार एकर जमीन सात वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने खुल्या कोळसा खाणीसाठी दिली. मुदत 2023 मध्ये संपली, पण त्याआधीच खाण बंद पडली आणि कंपनी दिवाळखोरीतून लिक्विडेशनमध्ये गेली. आज निम्म्या जमिनीवर ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचा, ढिगारा आहे आणि निम्मी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आहे. गेल्या पावसाळ्यात ढिगाऱ्याची माती शेजारी भावाच्या तुरीत उतरली. लिक्विडेटर म्हणतो, ‘क्लेम भरा.’ जमीन परत कशी मिळेल आणि खड्डा कोण बुजवणार?

उत्तर: आपण पाठवलेला सातबारा आणि भाडेपट्टा मी वाचला. भोगवटादार म्हणून आजही आपलेच नाव आहे आणि कंपनीची नोंद केवळ इतर हक्कांत आहे, ही आपल्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे. सहकारी कारखान्यांमुळे आपल्याकडे ‘अवसायक’ हा शब्द परिचित आहे. लिक्विडेटर म्हणजे तोच. त्याच्या हाती फक्त कंपनीची मालमत्ता येते. दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 36(4) नुसार कंपनीच्या ताब्यात असलेली परक्याची मालमत्ता त्या संपत्तीत धरली जात नाही. म्हणून जमिनीसाठी आपण धनको नसून मालक आहात. क्लेम भरायचा तो थकलेले भाडे आणि नुकसानभरपाई यांच्यापुरता, आणि त्याची मुदत चुकवू नये. मात्र पैसे कोणाला आधी द्यायचे हे ठरवणाऱ्या कलम 53 च्या क्रमात बँका आणि कामगार आपल्या पुढे असल्याने त्यातून फार काही हाती लागेल असे मला वाटत नाही. जमिनीचा ताबा मागणारा अर्ज मात्र वेगळा, कलम 60(5) खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे करावा, कारण लिक्विडेशनचा आदेश झाल्यावर कलम 33 मुळे कंपनीविरुद्ध दिवाणी न्यायालयात नवा दावा लावता येत नाही. एक अडचण आधीच सांगतो: शासनाने कंपनीला दिलेला खनिपट्टा (खनिज काढण्याचा हक्क) अद्याप रद्द झाला नसेल, तर आपला ताबा त्या पट्ट्याच्या अधीन राहतो. त्याबाबतचा निर्णय न्यायाधिकरण घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कर्नाटकातील एका खनिपट्ट्याच्या प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा पट्ट्याची सद्यःस्थिती जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडून लेखी मिळवावी.

आता खड्डा. येथे कंपनीच्या मागे धावण्यात अर्थ नाही. पैसा कोठे ठेवला आहे ते पाहावे. केंद्र सरकारच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्रत्येक कोळसा खाणीला खाण बंद करण्याच्या खर्चासाठी बँकेत एस्क्रो खाते (ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेले खाते) उघडून दरवर्षी रक्कम भरावी लागते. खुल्या खाणीसाठी तेव्हाचा मूळ दर हेक्टरी 6 लाख रुपये होता, 2020 च्या सूचनांत तो 9 लाख झाला. आपण कळवल्याप्रमाणे खाणीचे क्षेत्र 180 हेक्टर असेल, तर जुन्या मूळ दरानेही 10 कोटी 80 लाख रुपयांची जबाबदारी होते. प्रत्यक्षात किती भरले गेले हा भाग निराळा. या खात्याचा एकमेव लाभार्थी केंद्र सरकारच्या वतीने कोळसा नियंत्रक असतो. माझ्या मते ही रक्कम कंपनीच्या कर्जफेडीसाठी वापरता येणार नाही, आणि लिक्विडेटरने ती मालमत्तेच्या यादीत दाखवली असेल तर त्याच अर्जात हरकत घ्यावी.

माहिती अधिकारात कोळसा नियंत्रकांकडे दोन कागद मागावेत: एस्क्रो खात्याचा उतारा आणि मंजूर ‘माइन क्लोजर प्लॅन’, म्हणजे खाण बंद करण्याचा आराखडा. प्लॅनच्या नकाशात आपला गट क्रमांक बोट ठेवून शोधावा. पुष्कळ प्लॅनमध्ये शेवटचा खड्डा जलाशय म्हणून तसाच ठेवलेला असतो. आपला गट नकाशातील त्या जलाशयाच्या निळ्या रंगात असेल, तर खड्डा बुजवून देण्याचे बंधन प्लॅनमधून निघणार नाही. ते भाडेपट्ट्यातील ‘जमीन पूर्ववत करून परत करीन’ या कलमातूनच काढावे लागेल आणि त्याचे रूपांतर शेवटी भरपाईत होईल. ढिगाऱ्याची गोष्ट वेगळी: तो सपाट करून वरची माती पसरणे आणि त्यावर लागवड करणे हे खाण बंद करण्याचेच काम आहे. शिवाय 8 जानेवारी 2020 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवावे अशी अट घालण्यास सरकारला सांगितले आहे.

भावाच्या शेताबाबत त्यांनी स्वतःच्या नावाने राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे हरित लवाद कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज करावा. अर्जाची मुदत नुकसानीचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षे आहे. त्यात कोळसा नियंत्रक, जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे कंपनीविरुद्ध दावा लावण्याच्या मनाईवर सगळा वाद अडकणार नाही. तलाठ्याचा पंचनामा झाला नसेल, तर पुढच्या पावसाआधी फोटो आणि शेजाऱ्यांचे जबाब तयार ठेवावेत. खड्ड्याला कुंपण नसल्याची तक्रार खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडे आजच करावी. त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

बांध आणि खुणा खड्ड्यात गेल्या असल्याने भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणीही करून घ्यावी. दरम्यान लिक्विडेटर किंवा लिलावातील खरेदीदार ‘जमीन आहे त्या स्थितीत मिळाली’ अशी ताबा-पावती पुढे करील. ताबा घ्यावा, पण पूर्ववत करून मिळण्याचा आणि भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचे सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिल्याशिवाय त्या कागदावर सही करू नये.