व्हीआरएसचे पैसे घालून वाईजवळ गो-कार्ट ट्रॅक टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, वय ४६, चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला २२ वर्षं झाली. आता व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आलीये, ३० लाख मिळतील. म्युच्युअल फंडात १५ लाख आहेत. वाईहून पाचगणीला जाताना रस्त्याला लागून आमची वडिलोपार्जित दीड एकर जमीन आहे, तिथे गो-कार्ट (छोट्या उघड्या रेसिंग गाड्या) ट्रॅक टाकायचाय. एकूण खर्च ८५ लाख, त्यातले ४० लाख बँक द्यायला तयार आहे. ८ कार्ट, ३५० रुपये राइड, तासाला ४ राउंड, दिवसाचे १० तास, म्हणजे महिन्याला ३३ लाख ६० हजार. अर्धे धरले तरी १६-१७ लाख. मुलगी बारावीला आहे. काय करू?"

दादा, तुमचं गणित वाचून आधी हसू आलं आणि मग टेन्शन आलं, कारण गुणाकार अगदी बरोबर आहे. पण मंगळवारी दुपारी २ वाजता वाईच्या उन्हात ८ माणसं हेल्मेट घालून लाइनीत उभी आहेत हे चित्र तुम्हाला तरी दिसतंय का? आणि ते "अर्धे धरले तरी" जे आहे ना, त्याने माझ्याकडे आलेले बरेच लोक बुडालेत. अर्धं कशाचं धरलं, तर जे कधी होणारच नाही त्याचं.

हा धंदा शनिवार-रविवारचा आहे. वर्षात १०४ शनिवार-रविवार, त्यातले जून ते सप्टेंबरचे ३४-३५ पावसात गेले (पावसात लोक पाचगणीला येतात हो, पण कणीस खायला येतात, ओल्या ट्रॅकवर कार्ट फिरवायला नाही, आणि ओल्या ट्रॅकवर तुम्ही फिरवू देऊही नका). उरले ७०. दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या, मे महिन्यातले काही मधले वार धरून अजून ३० टाका. म्हणजे वर्षाला १०० चांगले दिवस. चांगल्या दिवशी ९० राइड धरते, हा माझा अंदाज आहे आणि कंजूष अजिबात नाहीये. बाकी कोरडे दिवस राहिले १४३, तिथे रोजच्या १५. पावसाळ्यात रोजच्या ४. सगळं मिळून वर्षाला साधारण ११,६०० राइड होतात. तुमच्या हिशोबाने हा आकडा सव्वा महिन्यात पार होतोय, ९,६०० महिन्याला म्हणता तुम्ही.

आता ३५० रुपये. हे गिऱ्हाईक देणार, तुम्हाला मिळणार २९७. गो-कार्टिंगवर १८% जीएसटी आहे (आधी २८ होता, २०१८ च्या जानेवारीत कमी केला) आणि वाईच्या रस्त्यावर "३५० प्लस टॅक्स" असा बोर्ड लावलात तर लोक पुढच्या स्ट्रॉबेरी क्रीमला जाऊन थांबतील. म्हणजे हातात वर्षाला साडेचौतीस लाख. अजून एक, जे तुमच्या सीएने कदाचित सांगितलं नसेल: ट्रॅकच्या बांधकामावर जो जीएसटी तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला द्याल त्याचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. तुमच्या ८५ लाखांत तो धरलाय का हे कोटेशन बघून सांगा, मला तरी दिसला नाही.

खर्चाकडे येऊ. एक मेकॅनिक, तीन मार्शल (ट्रॅकवर लक्ष ठेवणारी माणसं), एक तिकिटाला, वर्षाचे १० लाख पगार. पेट्रोल-ऑइल ३ लाख. टायर, चेन, क्लच, ब्रेक पॅड, वाकलेले अ‍ॅक्सल (लोक धडकवायलाच येतात, पैसे देऊन) ४ लाख. इन्शुरन्स, वीज, जाहिरात, हिशोबनीस ४ लाख. ट्रॅक आणि बॅरियरची डागडुजी दीड लाख. झाले साडेबावीस. उरले १२. पण थांबा, कार्ट ५ वर्षांत खिळखिळे होतात, तुमचे २४ लाखांचे ८ कार्ट बदलायला वर्षाला ४ लाख ८० हजार बाजूला टाकावेच लागतात, म्हणजे उरले ७ लाख २०. आणि ४० लाखांच्या लोनचा हप्ता ११% ने ७ वर्षांसाठी महिना ६८,५००, वर्षाला ८ लाख २२ हजार. वर्षाअखेर खिशातून लाखभर घालायचे, वर तुमचा स्वतःचा पगार शून्य, आणि आपले ४५ लाख अडकलेत ते वेगळेच.

आता कोणी म्हणेल मॅडम फारच वाईट धरलंय. बरं, १०० चांगल्या दिवसांत ९० ऐवजी १३० राइड धरा. वर्षाला जवळजवळ १२ लाख वाढतात, पेट्रोल आणि घसारा काढून साडेदहाच्या आसपास हातात राहतात, मग धंदा उभा राहतो आणि तुमचा पगारही निघतो. म्हणजे सगळा खेळ त्या १०० दिवसांवर आहे. तुमच्या डोक्यातल्या ३६५ पैकी बाकीच्या २६५ दिवसांनी फक्त पगार खायचेत.

जमीन घरची आहे म्हणून भाडं लागत नाही, यावर तुमचा सगळ्यात जास्त भर आहे. वडिलोपार्जित म्हणालात, मग सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते लिहिलंच नाहीत. भाऊ आहेत? बहिणी? २००५ नंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा "बहिणीला काही नको" हे तोंडी चालत नाही, बँक तरी ऐकून घेत नाही. रक्षाबंधनाला गोड बोलणारी माणसं पाचव्या वर्षी ट्रॅकवर गर्दी दिसली की वेगळं बोलतात, माझ्याकडे दोन फाइली आहेत अशा. आधी वाटणी किंवा रजिस्टर्ड भाडेकरार, मग डांबर. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग) आहे आणि त्यात जावळी तालुक्यातलीही काही गावं येतात, तुमचा गट नंबर आत आहे की बाहेर, झोन कुठला, बिगरशेतीसाठी काय लागतं हे तलाठ्याच्या तोंडी शब्दावर न सोडता तहसील आणि नगररचनाकडून लेखी घ्या. मोठ्या रस्त्यावरून गाडी आत वळवायची परवानगी वेगळी, पोलिसांची वेगळी, ग्रामपंचायतीची वेगळी. यात सहा महिने सहज जातात आणि लोन उचललेलं असेल तर व्याज तेव्हाही चालूच.

एक फरक मी क्लायंटना नेहमी कागदावर लिहायला लावते, कुठला खर्च परत विकता येतो आणि कुठला नाही. कार्ट विकता येतात. कुंपण, शेड, हेल्मेट, लॅप टायमिंगचं मशीन, थोडेफार पैसे येतात. डांबर विकता येत नाही. तुमच्या ८५ पैकी ३० लाख डांबरात आणि सपाटीकरणात चाललेत, ते टाकले त्या दिवशी गेले असंच धरायचं. माझ्या एका क्लायंटने ट्रॅम्पोलिन पार्क काढलं होतं भाड्याच्या जागेत, चाललं नाही, पण सामान उचलून निम्म्या किमतीत विकून टाकलं आणि मोकळा झाला. ट्रॅक उचलता येत नाही हो.

अपघाताचं मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण तुमच्या प्लॅनमध्ये "सेफ्टी: हेल्मेट" एवढं एकच वाक्य आहे. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरच्या बागेत गो-कार्टमध्ये केस अडकून एक बाई गेली. २०२० मध्ये हैदराबादला इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, तसंच, केस चाकात ओढले गेले. मागचा अ‍ॅक्सल उघडा असतो, फिरत असतो, ओढणी किंवा मोकळी वेणी गेली की सेकंदात संपतं. तेव्हा केसांना टोपी, ओढणी-स्टोल बाहेर लॉकरमध्ये, अ‍ॅक्सलवर गार्ड, सगळे कार्ट एकदम स्लो करणारा रिमोट, आणि "नाही बसू देणार" म्हणायची हिंमत असलेला मार्शल, हे सगळं पहिल्या दिवसापासून पाहिजे. वीस जणांचा ग्रुप आलाय आणि एक ताई ओढणी काढायला तयार नाहीत, तर वीसही तिकिटं सोडायची तयारी आहे का? गिऱ्हाइकाकडून सही घेतलेला फॉर्म तुमचा निष्काळजीपणा झाकत नाही. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी (गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाईचा विमा) भरपूर रकमेची घ्या. आणि हा धंदा स्वतःच्या नावावर प्रोप्रायटरी म्हणून अजिबात काढू नका, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड करा, नाहीतर एका दाव्यात चाकणचा फ्लॅटही ओढला जाईल. (लोनला पर्सनल गॅरंटी बँक मागणारच, त्यातून सुटका नाही, आणि फौजदारी केसपासून तर कंपनीही वाचवत नाही.)

तुम्ही कोल्हापूरला मोहितेंच्या ट्रॅकवर रेस बघून आलात आणि तिथून हे डोक्यात शिरलं असं लिहिलंय. मस्त जागा आहे, पण ते १२५ सीसी टू-स्ट्रोकवाले रेसिंग कार्ट, ती मुलं ट्रेनिंग घेऊन येतात. तुमच्याकडे येणार पुण्याहून आलेलं कुटुंब, भाड्याच्या कार्टला असतं तसं २०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, आणि त्यांना हवा फोटो. त्यामुळे महागड्या इंपोर्टेड कार्टचा मोह सोडा. कुठेतरी बंद पडलेल्या ट्रॅकचे वापरलेले कार्ट तुमच्यासारख्या मेंटेनन्सवाल्याने घेतले तर त्यात खरी कमाई आहे, २२ वर्षांचा हात आहे तुमचा, ही एक गोष्ट तुमच्या बाजूने जबरदस्त आहे आणि तीच तुम्ही प्रश्नात एका शब्दात उरकलीत.

पैशांचं माझं मत. व्हीआरएसचे ३० लाख हातात ३० येत नाहीत, स्कीम नियमांत बसली तर ५ लाखांपर्यंत सूट, बाकीवर टॅक्स. त्यातून घरखर्चाचे १८ महिने आणि मुलीच्या कॉलेजची पहिली दोन वर्षं एफडीत टाका. म्युच्युअल फंडाचे १५ आणि पीएफ यांना हात नाही, बायको हो म्हणाली तरी नाही. मग धंद्याला राहतात १० लाखांच्या आसपास, आणि तेवढ्यात ८५ लाखांचा ट्रॅक बसत नाही. पीएमईजीपीबद्दल (नव्या धंद्याच्या लोनवर सबसिडी देणारी केंद्राची योजना) विचारलंत, सर्व्हिसच्या प्रोजेक्टला तिथे २० लाखांची मर्यादा आहे, म्हणजे या साइजला उपयोग नाही.

म्हणून मी या आकारात, या लोनवर नाही म्हणेन. त्याऐवजी जमिनीचे कागद नीट करा, तो खर्च वाया जात नाही, आणि आधीच ट्रॅक चालवणाऱ्या एखाद्या माणसाला जागा द्या, महिन्याला ठरलेलं किमान भाडं अधिक विक्रीत हिस्सा, डांबर त्याचं. तुम्ही मेंटेनन्सचा करार वेगळा करा, पगार चालू राहील. तीन वर्षांनी त्याचे आकडे तुमच्या डोळ्यासमोर असतील, मग स्वतःचा काढायचा तर काढा. तो करार माझ्याकडे पाठवा सहीआधी, किमान भाड्याचं कलम लोक गोड बोलून काढून टाकतात.

आणि कोणी ऑपरेटर मिळेपर्यंत एक काम करा. चार शनिवार-रविवार आणि दोन मंगळवार पाचगणी किंवा पुण्यातल्या चालू ट्रॅकसमोर चहाचा थर्मास घेऊन बसा आणि तासाला किती कार्ट सुटतात ते वहीत लिहा. मुलीला नेऊ नका, अभ्यास आहे तिचा. चांगल्या दिवशी १३० च्या वर मोजलेत तर मला परत लिहा, मी माझा कागद फाडून नवा करेन.

व्हीआरएसचा फॉर्म भरायची शेवटची तारीख मात्र तुम्ही लिहिलीच नाहीये, ती आधी कळवा.