रणजीचे दोन तुकडे आणि गोलंदाजाची कंबर

देशांतर्गत क्रिकेटच्या रचनेबद्दल त्याच त्या शंका वारंवार येतात, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

महाराष्ट्राने १९४०-४१ नंतर रणजी जिंकलेली नाही. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ मिळून एकच संघ का करू नये? (सदाशिव पेठ)

करू नये. एकाच्या जागी तीन संघांतल्या मुलांना संधी मिळते. विदर्भ वेगळा होता म्हणूनच तीनदा विजेता झाला.

३८ संघ फार होतात. निम्मे काढून टाकावेत का? (औंध)

नाही. ३२ एलिट म्हणजे वरच्या गटात, ६ प्लेट म्हणजे खालच्या गटात, अशी विभागणी आहेच.

मुलगा १९ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. हंगाम दोन भागांत झाल्याने गोलंदाजांना मध्ये विश्रांती मिळते, असं ऐकलं. खरं का? (चिंचवड)

असं ऐकीव काही धरून बसू नका. २०२४-२५ मध्ये रणजीचे पाच साखळी सामने आधी झाले, मग मुश्ताक अली (ट्वेन्टी-२०) आणि विजय हजारे (एकदिवसीय) या स्पर्धा, आणि उरलेले दोन जानेवारीच्या अखेरीपासून. उत्तरेतलं धुकं टाळायला हे बरं आहे, पण गोलंदाजाच्या शरीराचा विचार यात कुठे आहे? डिसेंबरात तो सामन्याला चार किंवा दहा षटकं टाकतो आणि जानेवारीत एकदम दिवसाला अठरा-वीस. संघात नसलेल्याला तर सामनेच नसतात.

चेंडू सोडताना पुढचा पाय आपटतो, त्याच क्षणी कंबर वाकते आणि वळतेही. भार अचानक वाढला की उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डावीकडे, कमरेच्या मणक्यात बारीक चीर जाते. सुरुवातीला ती एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. मुलं ‘कंबर धरलीय’ म्हणत स्प्रे मारून तीन-तीन आठवडे खेळत राहतात, आणि मग अख्खा हंगाम जातो.

हंगाम दोन भागांत खेळवा, हरकत नाही. पण डिसेंबरात क्लबांचे तीन दिवसांचे सामने ठेवा. नेमकी तेव्हाच आपली मैदानं कॉर्पोरेट ट्वेन्टी-२०ला भाड्याने जातात, याची मला फार चीड येते. मुलाच्या षटकांची वही ठेवा, नेट्समधली षटकंही त्यात धरा. एका बाजूला दुखायला लागलं तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद करून स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. एमआरआय हवा की नको, ते ठरवतील.

एक अकादमी म्हणते, पैसे भरा, दुसऱ्या राज्याकडून खेळवतो. (हडपसर)

एक रुपयाही देऊ नका. संघ बदलायला आपल्या राज्य क्रिकेट संघटनेचं ना-हरकत पत्र आणि पात्रतेची कागदपत्रं लागतात. चौकशी थेट संघटनेच्या कार्यालयात करा. पैसे दिले असतील तर आजच वकिलाला भेटा.

रणजीवर घर चालतं का? नोकरी सोडू का? (वारजे)

२०२१-२२च्या दरांनुसार वीस सामन्यांपर्यंत दिवसाला ४०,००० रुपये, चाळीसहून जास्त खेळलेल्याला ६०,०००, राखीव खेळाडूला निम्मे. सात साखळी सामन्यांचे २८ दिवस धरले तर नवख्याचे ११ लाख २० हजार होतात, पण सगळे सामने अकरात असलात तरच. दुखापतीने संघाबाहेर बसलात की मानधन बंद, म्हणून तर पोरं कंबरदुखी लपवतात. क्रिकेट मंडळाने (बीसीसीआय) देशांतर्गत खेळाडूंनाही वार्षिक करार द्यायला हवेत, आणि दुखापतीच्या काळातही ते चालू राहायला हवेत. तोवर नोकरी सोडू नका. बिनपगारी रजा मिळते का ते कार्यालयात विचारा, आणि हिशेब एखाद्या सीएकडून तपासून घ्या.