बँकेचा चेक, 'चेक कर' मधला चेक आणि चेक्सचा शर्ट: हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत की वेगवेगळे शब्द?

शब्द एकच आहे. आणि गंमत म्हणजे तो मराठीतही कधीपासून मुरलेला आहे, फक्त आपण त्याला 'शह' म्हणतो.

मूळ फारसी 'शाह', म्हणजे राजा. बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की 'शाह' म्हणून त्याला सावध करत. खेळ भारतातून इराणात, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला, तसा शब्दही गेला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'एशेक' झाला, इंग्रजीत 'चेक'. 'चेस' हे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलं. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. त्याचा अर्थ 'राजा मेला' असा सर्रास सांगतात, पण मला फारसी 'मात', म्हणजे हतबल, हाच अर्थ पटतो. पटावर राजाला कोणी मारत नाही, त्याला पळायला जागा उरत नाही इतकंच.

शह मिळाला की बाकीचे सगळे बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून 'चेक'ला थांबवणे, आवर घालणे हा अर्थ चिकटला. आपणही राजकारणात कोणी कोणाला शह दिला असं म्हणतोच. आवर घालण्यातून नियंत्रण आणि नियंत्रणातून तपासणी, असा अर्थ सरकत गेला.

चौकडीचा अर्थ मात्र पटावरून आला, आणि या शब्दाच्या प्रवासातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. 12व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसुली हिशेब एका मोठ्या मेजावर होई, साधारण 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद. त्यावर रेघा असलेलं काळं कापड अंथरत. पेनी, शिलिंग, पौंड असे रकाने पाडलेले असत आणि त्यांत सोंगट्या मांडत. वरच्या ओळीत येणं, खाली भरणा, मग वजाबाकी. हे मेज बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे म्हणून त्या खात्याचंच नाव 'एक्स्चेकर' पडलं. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवलंय की पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदार आणि हिशेब द्यायला आलेला शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, यांची. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. याच 'चेकर'चं आखूड रूप म्हणजे कापडावरचे चेक्स.

बँकेचा चेक तपासणीच्या अर्थातून आला. 18व्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणजे पैसे देण्याच्या कागदाचं स्थळप्रत म्हणून मागे राहणारं अर्धुक. खरा-खोटा कागद त्याच्याशी ताडून बघत. पुढे अर्धुकाचं नाव कागदालाच पडलं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी क्यू-यू-ई दिसतं ते बहुधा 'एक्स्चेकर'च्या प्रभावाने. अमेरिकेत मात्र बँकेचा चेक आणि तपासणीचा चेक एकाच स्पेलिंगने लिहितात, त्यामुळे अमेरिकन मजकुरात अर्थ संदर्भावरूनच लावा.

चेक प्रजासत्ताकाचा यात काही संबंध नाही. ते नाव स्लाव्ह भाषेतलं, तिथल्या लोकांचं स्वतःचं.